वाचकांचे प्रश्न: बोलणाऱ्याला ठाऊक असलेले व्याकरण

भाषा कशी चालते याविषयी मनात येणारे प्रश्न पाठवावेत, असे आवाहन आम्ही वाचकांना केले होते. आलेल्या पत्रांतून आठ पत्रे येथे घेतली आहेत. त्यांतल्या बऱ्याच पत्रांत कोणाच्या तरी बोलण्यातल्या 'चुकी'चा उल्लेख आहे, म्हणून उत्तरांतही त्या शब्दाशी पुन्हा पुन्हा गाठ पडेल.

प्रश्न: मी बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. पुढे भाषाविज्ञान घ्यावे असे मनात आहे. पण घरचे विचारतात, मराठी तर तुला जन्मापासून येते, मग तिच्यात शिकायचे काय उरले? मला नीट उत्तर देता येत नाही. (एक विद्यार्थिनी, कोल्हापूर)

उत्तर: उत्तर घरच्यांच्याच तोंडून वदवून घेता येईल. संध्याकाळी सगळे एकत्र बसले की त्यांना सांगा, 'जेवण' या शब्दावरून आपण 'जेवणबिवण' म्हणतो, तसे पुढच्या शब्दांचे करून दाखवा: पाणी, पुस्तक, अभ्यास, ऑफिस, काम, ट्रेन, प्लेट. कोणीही न अडखळता पाणीबिणी, पुस्तकबिस्तक, अभ्यासबिभ्यास, ऑफिसबिफिस, कामबीम, ट्रेनबीन, प्लेटबीट असे म्हणेल. मग विचारा की हे कोणत्या नियमाने केले. येथे मात्र सगळे गप्प होतील.

नियम आहे, आणि तो चांगला काटेकोर आहे. शब्दाच्या सुरुवातीपासून पहिल्या स्वरापर्यंतचा भाग, त्या स्वरासकट, काढून टाकायचा आणि त्याच्या जागी 'बि' बसवायचा. 'पुस्तक'मधला 'पु' जातो. 'ट्रेन'मधले मात्र ट् आणि र् हे दोन्ही व्यंजनध्वनी एकदम जातात, 'ट्रेनब्रीन' असे कोणी म्हणत नाही. 'अभ्यास'च्या आरंभी व्यंजनच नाही, म्हणून तेथे नुसता 'अ' जातो. शब्द 'काम', 'घर', 'ट्रेन' यांच्यासारखा एका झटक्यात उच्चारला जाणारा असेल, तर 'बि' लांबतो आणि कामबीम, घरबीर अशी रूपे होतात. शालेय व्याकरणात अशा शब्दांना अंशाभ्यस्त म्हणतात आणि दोन-चार उदाहरणे देऊन पुढे जातात. 'ट्रेन'चे काय करायचे हे कोणत्याही पुस्तकाने तुमच्या आजीला शिकवलेले नाही. शब्द इंग्रजीतून आला, पण त्याची कोणती बाजू कोठे कापायची हे मराठी बोलणाऱ्याला आधीपासून ठाऊक होते.

आता 'बिस्किट' हा शब्द द्या. येथे बोलणारा थबकतो, कारण नियम लावला तर 'बिस्किटबिस्किट' होते आणि ऐकणाऱ्याला ते नुसते दोनदा म्हटल्यासारखे वाटते. नियमाची अशी अडचण होते तेथेच तो नीट दिसतो. शिवाय अर्थाचेही नियम आहेत. 'जेवणबिवण झाले का?' यात जेवण आणि त्याच्यासोबतचे सगळे आले. पण 'मी घाबरतबिबरत नाही' यात घाबरण्यासोबतचे काही नाही, समोरच्याची कल्पनाच झटकून टाकलेली आहे. लग्नाच्या पत्रिकेत 'जेवणबिवण' छापलेले तुम्ही पाहिले नसेल, म्हणजे कोठे बोलायचे आणि कोठे नाही याचेही भान या नियमात आहे. शेजारच्या भाषांकडे पाहिले तर हिंदीत 'चाय-वाय', बंगालीत 'चा-टा' आणि कन्नडात 'ऊटगीट' आहे: युक्ती तीच, बसवायचा ध्वनी ज्याचा त्याचा. भारतातल्या वेगवेगळ्या कुळांतल्या भाषा शेजाराने अशा एकमेकींसारख्या झाल्या आहेत, हे अमेरिकी भाषावैज्ञानिक एमेनो यांनी १९५६ साली सविस्तर मांडले.

मराठी येते म्हणजे हे सगळे करता येते. ते कसे येते, हे शोधणे हा तुमचा अभ्यासविषय असेल.

प्रश्न: माझी नात शाळेत 'पानी' आणि 'डोया' म्हणते म्हणून तिला वर्गात उभे केले गेले. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या असेच बोलतात. आमची भाषा खरोखरच अशुद्ध आहे का? (एक निवृत्त लिपिक, अकोला)

उत्तर: नाही. हे मी तुमचे मन राखण्यासाठी म्हणत नाही. तुमच्या नातीच्या बोलण्याकडे बारकाईने पाहिले तर तेच दिसते.

'डोया' हा एकटा बिघडलेला शब्द असता, तर तिला इतर शब्दांत 'ळ' म्हणता आला असता. पण वऱ्हाडीत डोळा, काळा, शाळा, जवळ, फळ या सगळ्यांत 'ळ'चा 'य' होतो: डोया, काया, शाया, जवय, फय. आणि 'ल'ला कोणी हात लावत नाही. 'फूल' फूलच राहते, 'तेल' तेलच राहते. जो बदल प्रत्येक शब्दात त्याच ठिकाणी होतो आणि शेजारच्या ध्वनीला स्पर्शही करत नाही, त्याला हलगर्जीपणा म्हणता येत नाही. तो नियम आहे, आणि तुमच्या घरातली लहान मुलेही तो अचूक पाळतात.

यापुढची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ज्या 'ळ'साठी तुमच्या नातीला उभे केले, तो 'ळ' स्वतःच अशाच एका बदलातून आलेला आहे. संस्कृतात शब्द फल, काल, बाल, कमल असे आहेत. दोन स्वरांमधला एकटा 'ल' मराठीत येताना 'ळ' झाला आणि फळ, काळ, बाळ, कमळ अशी रूपे तयार झाली. जेथे 'ल' जोडाक्षरात होता किंवा प्राकृतात दुहेरी झाला, तेथे तो 'ल'च राहिला: फुल्लचे फूल, वल्लीचा वेल, तैलचे तेल. म्हणून 'वेला'पासून आलेली वेळ आणि 'वल्ली'पासून आलेला वेल हे दोन शब्द आज वेगळे ऐकू येतात. त्या काळी कोणी संस्कृतचा अभिमानी वर्गात असता, तर त्याने 'फळ' म्हणणाऱ्या मुलालाही उभे केले असते. वऱ्हाडीने त्याच वाटेवर आणखी एक पाऊल टाकले आहे, एवढेच. 'पाणी'चे मूळ 'पानीय' आहे आणि त्यात तर 'न'च आहे.

मग शाळेत शिकवतात ते काय, असे तुम्ही विचाराल. प्रमाण मराठी ही सर्वांना एकमेकांचे लिखाण वाचता यावे म्हणून ठरवलेली एक सोय आहे, आणि ती फार मोलाची आहे. पाठ्यपुस्तके, कोश आणि व्याकरणे एकोणिसाव्या शतकात तयार झाली, तेव्हा त्यांच्यामागे मुख्यतः पुण्याकडच्या शिकलेल्या लोकांची बोली होती, म्हणून तिला हा मान मिळाला. शुद्धलेखनाचे आजचे नियम तर याहून अलीकडचे आहेत. मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम १९६२ साली आले आणि १९७२ साली त्यांत चारांची भर पडली. त्याआधी नांव, कांही, पांच, घरें असे लिहिणे शुद्ध होते. अनुच्चारित अनुस्वार गेले आणि तेच लिखाण अशुद्ध ठरले. त्या वर्षी कोणाचीही जीभ बदलली नाही. लिहिण्याचा नियम बैठकीत ठरतो आणि बैठकीत बदलतो. 'डोया'चा नियम मात्र कोणी ठरवलेला नाही. नातीला प्रमाण मराठी जरूर शिकवा, पण 'शाळेत लिहिताना असे लिहायचे' एवढ्याच शब्दांत, आणि घरचे बोलणे हिरावून न घेता.

प्रश्न: माझा सव्वातीन वर्षांचा नातू पूर्वी 'मी केलं' असे नीट म्हणत असे. आता दोन महिन्यांपासून 'मी करलं', 'मुंगी मरली' असे म्हणू लागला आहे. सुधारले तरी ऐकत नाही. तो मागे पडतो आहे का? (एक आजी, नाशिक)

उत्तर: आजी, तो पुढे गेला आहे. आधी त्याने 'केलं' हा शब्द जसाच्या तसा ऐकून उचलला होता, 'चेंडू' उचलला तसा. आता त्याच्या ध्यानात आले आहे की बसलं, पडलं, उठलं, हसलं या सगळ्यांच्या शेवटी एकच गोष्ट आहे आणि ती लावली की घडून गेलेले सांगता येते. हे कळल्यावर त्याने ती 'कर'ला लावली आणि 'मर'लाही लावली. 'करलं' हा शब्द त्याने घरात कोणाकडूनही ऐकलेला नसेल, म्हणजे ही नक्कल नव्हे. त्याने तो स्वतः घडवला आहे. इंग्रजी बोलणारी मुलेही आधी 'वेंट' म्हणतात, मग काही काळ 'गोड' म्हणतात (म्हणजे 'गो'ला भूतकाळाचा नेहमीचा प्रत्यय), आणि मग पुन्हा 'वेंट'वर येतात.

मुलांच्या मनात नियम असतो याचा एक सुंदर पुरावा जीन बर्को या अमेरिकी संशोधक बाईंनी १९५८ साली दिला. त्यांनी मुलांना एका काल्पनिक प्राण्याचे चित्र दाखवले, त्याचे नाव 'वग' सांगितले, मग असे दोन प्राणी दाखवून 'आता हे दोन…' एवढे म्हणून वाक्य अर्धवट सोडले. मुलांनी 'वग्ज' असे बरोबर अनेकवचन केले, जरी तो शब्द जगात कोणीच कधी वापरलेला नव्हता. तुम्हीही हे घरी करू शकता. कागदावर एखादा गोलमटोल प्राणी काढा आणि सांगा, हा टिंबुडा. शेजारी आणखी एक काढा: आता हे दोन…? नातू 'टिंबुडे' म्हणेल. मग 'भूक लागली आहे, दूध कोणाला देऊ या?' असे विचारा आणि 'टिंबुड्याला' किंवा 'टिंबुड्यांना' येते का ते ऐका. त्यानंतर थोडे कठीण: प्राण्याचे नाव 'गिमसा' ठेवा. ससा–सशाला, मासा–माशाला याप्रमाणे 'गिमशाला' म्हणतो, की 'गिमस्याला'? काय म्हणाला ते आम्हाला अवश्य कळवा.

सुधारण्याचा आग्रह नको. 'मी करलं' असे तो म्हणाला की 'हो का, तू केलंस? छान केलंस' असे उत्तर द्या, तेवढे पुरते. केला, गेला, आला, दिला ही वाकडी रूपे टिकून राहतात ती आपण दिवसभर उच्चारतो म्हणूनच. इतक्यांदा कानावर पडतात की नियमाला न जुमानता ती स्मरणात पक्की बसतात. त्याच्याही बसतील.

प्रश्न: आमची मुले येथेच वाढली आहेत. मुलगा 'मी पोळी खाल्लो' म्हणतो. मला ते चूक आहे हे कळते, पण का चूक आहे हे त्याला सांगता येत नाही. (एक वडील, न्यू जर्सी)

उत्तर: 'मी आलो', 'मी पडलो' यांत क्रियापद 'मी'च्या मागे जाते. कर्म आले की भूतकाळात मराठी बाजू बदलते आणि क्रियापद कर्माच्या मागे जाते: मी आंबा खाल्ला, मी पोळी खाल्ली, मी केळे खाल्ले. खाणारा पुरुष आहे की स्त्री याचा येथे काही संबंध नाही. 'मुलाने पोळी खाल्ली' यातला 'ने' कर्त्यावरची खूणही दाखवतो. 'मी' आणि 'तू' यांना ती खूण लागत नाही, म्हणून मुलांचा गोंधळ वाढतो. भाषाविज्ञानात या रचनेला मोठे नाव आहे आणि युरोपातल्या बास्क भाषेमुळे तिची खूप चर्चा होते. आपल्याकडे ती कर्मणी प्रयोग म्हणून शाळेतच भेटते.

पण मुलगा 'खाल्लो' कोठून शिकला? बहुधा तुमच्याकडूनच. तुम्ही घरात 'मी पाणी प्यायलो' म्हणत असाल, आणि ते बरोबर आहे. 'मी छत्री विसरलो', 'मी पोहायला शिकलो, मग मराठी शिकलो', 'मी भात जेवलो' हेही बरोबर आहे. पिणे, विसरणे, शिकणे, जेवणे अशी काही क्रियापदे कर्म असूनही कर्त्याच्याच मागे जातात. पिण्याला जो नियम आहे तो खाण्याला का नसावा, असा मुलाचा हिशेब आहे, आणि त्या हिशेबात काही वावगे नाही. त्याला ही छोटी यादी वेगळी शिकवा. बाकी सारे आपोआप जागेवर येईल.

एक रूप मात्र त्याला मुद्दाम ऐकवा: 'तू पोळी खाल्लीस'. यातली 'ली' पोळीची आहे आणि शेवटचा 'स' तुझा आहे. एकाच क्रियापदात कर्म आणि कर्ता दोघेही बसले आहेत. जुन्या व्याकरणकारांनी याला कर्तृकर्मसंकर असे नाव दिले. मराठीतली मला सर्वांत आवडणारी रचना कोणती असे कोणी विचारले, तर मी हीच सांगेन.

प्रश्न: मराठी जशी बोलतात तशीच लिहितात असे आपण वर्गात सांगतो. पण माझ्या वर्गातली हिंदी भाषक मुले 'चाक' आणि 'झाड' वेगळेच उच्चारतात, आणि त्यांना दाखवायला दुसरे अक्षर नाही. नियम काय आहे? (एक शिक्षिका, सांगली)

उत्तर: आरशासमोर 'चहा' आणि 'चाक' हे शब्द सावकाश म्हणून पाहा. 'चहा'च्या वेळी जिभेचा पुढचा भाग टाळूकडे उचलला जातो. 'चाक'च्या वेळी जिभेचे टोक वरच्या दातांच्या मागे जाऊन टेकते आणि आवाज त्स्‌सारखा येतो. पहिला तालव्य 'च', दुसरा दंततालव्य. 'ज' आणि 'झ' यांचीही अशीच जोडी आहे; 'छ'ला मात्र दुसरा उच्चार नाही. हे दोन खरोखर वेगळे ध्वनी आहेत, कारण त्यांच्यामुळे अर्थ बदलतो: तीन आणि एक 'चार' यातला च वेगळा, 'गुरांना चार' यातला वेगळा. 'सारे जग' आणि 'सुखाने जग' ही वाक्ये मोठ्याने म्हटली की मुलांना फरक लगेच ऐकू येतो. लिपी मात्र दोन्हींना एकच अक्षर देते, म्हणून 'बोलतो तसे लिहितो' हे म्हणणे अर्धेच खरे आहे.

नियमाचा एक भाग पक्का आहे. पुढे इ, ई, ए किंवा य आला की उच्चार तालव्यच होतो. माझा, माझी, माझ्या हे क्रमाने म्हणा. पहिल्यात जीभ दातांशी आहे, पुढच्या दोन्हींत ती टाळूकडे गेली आहे. 'काचेचा' हा एकच शब्द तर धडा म्हणून पुरेल. 'काच'मध्ये दंततालव्य असलेला च पुढे 'ए' आल्यामुळे तालव्य झाला, आणि शेवटचा 'चा' मात्र दातांशीच राहिला. पुढे अ, आ, उ असेल तेव्हा शब्दाचे मूळ पाहावे लागते: जय, जल, चरण, चंद्र असे संस्कृतातून जसेच्या तसे घेतलेले शब्द तालव्य, आणि चाक, चूल, जावई, झाड असे घरचे शब्द बहुधा दंततालव्य. तेलुगूतही 'च' आणि 'ज' यांचे असेच दोन उच्चार आहेत. हिंदी भाषक मुलांना हा ध्वनी अवघड जातो, कारण त्यांच्या भाषेत तो अर्थ बदलत नाही, म्हणून कानाने तो वेगळा धरायची त्यांना कधी गरजच पडलेली नाही. आधी कानाची तयारी करून घ्या. 'चार–चार' हा ओळखण्याचा खेळ आठवडाभर चालला, तरच जिभेकडे वळा.

प्रश्न: माझी सून हिंदी भाषक आहे. ती आम्हालाच म्हणते, 'आम्ही उद्या देवळात जाऊ,' आणि आम्हाला वाटते की आम्हाला वगळले! (एक सासूबाई, इंदूर)

उत्तर: सुनेच्या मनात वगळण्याचा विचार नाही. हिंदीत एकच 'हम' आहे; मराठीत दोन आहेत. 'आपण जाऊ' यात ऐकणारा धरलेला असतो, 'आम्ही जाऊ' यात तो बाहेर राहतो. गुजरातीतही 'अमे' आणि 'आपणे' असा भेद आहे, आणि दक्षिणेकडे तेलुगूत 'मेमु' आणि 'मनमु', तमिळमध्ये 'नांगळ्' आणि 'नाम्' आहेत. 'आपण' हा शब्द संस्कृत 'आत्मन्'पासून प्राकृतमार्गे आलेला, म्हणजे घरचाच. पण ऐकणाऱ्याला धरून आणि सोडून असे दोन 'आम्ही' ठेवण्याची सवय द्राविडी भाषांच्या शेजारामुळे लागली असावी, असे बरेच अभ्यासक मानतात. सुनेला एवढेच सांगा की समोर बसलेला माणूस सोबत येणार असेल, तर 'आपण'.

प्रश्न: भाषाविज्ञान शिकायला किती भाषा याव्या लागतात? (एक विद्यार्थी, लातूर)

उत्तर: एक पुरते, ती नीट ऐकता आली तर. डॉक्टरला जसे स्वतः आजारी पडावे लागत नाही, तसे भाषावैज्ञानिकाला प्रत्येक भाषा बोलता यावी लागत नाही. ती बोलणाऱ्यांकडून ऐकून, टिपून घेऊन तिची रचना उलगडण्याची पद्धत शिकावी लागते. महाराष्ट्रात त्यासाठी पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे नाव आधी घ्यावे लागते. १९३९ साली ती संशोधन संस्था म्हणून पुन्हा सुरू झाली आणि भाषाविज्ञान हा तिथला जुना विषय आहे.

प्रश्न: माझा धाकटा भाऊ जन्मापासून ऐकू शकत नाही. तो आणि त्याचे मित्र खुणांनी तासन्‌तास बोलतात. नातेवाईक म्हणतात, ही काही भाषा नव्हे, नुसते हातवारे आहेत, आणि जगभर सारखेच असतात. (एक बहीण, पुणे)

उत्तर: नातेवाइकांच्या दोन्ही गोष्टी खऱ्या नाहीत. जगात अनेक सांकेतिक भाषा आहेत. ब्रिटन आणि अमेरिका या दोन्ही देशांत ऐकू येणारे लोक इंग्रजी बोलतात, पण तिथल्या बधिर व्यक्तींच्या सांकेतिक भाषा एकमेकींना कळत नाहीत. अमेरिकेतली सांकेतिक भाषा फ्रान्सकडच्या भाषेशी नाते सांगते, कारण १८१७ साली हार्टफर्ड येथे सुरू झालेल्या शाळेत शिकवायला एक बधिर शिक्षक, लॉराँ क्लेर, फ्रान्सहून आले होते. म्हणजे या भाषांनाही त्यांचे स्वतःचे इतिहास आहेत आणि ते बोलल्या जाणाऱ्या भाषांच्या इतिहासाहून वेगळे आहेत.

तुमचा भाऊ वापरतो ती भारतीय सांकेतिक भाषा म्हणजे हातांनी केलेले मराठी किंवा हिंदी नव्हे. 'तू कुठे राहतोस?' या प्रश्नात ती 'कुठे'ची खूण शेवटी ठेवते. उत्तर 'हो' किंवा 'नाही' असे हवे असेल, तर भुवया वर जातात, आणि ती भुवई भावना दाखवत नाही, वाक्य प्रश्नार्थक करते. आपण आवाज चढवतो त्या जागी ती आहे. आज रात्री भावाशी बोलताना त्याच्या हातांकडे न पाहता चेहऱ्याकडे पाहा. बरेचसे व्याकरण तेथेच दिसेल. या भाषेच्या अभ्यासासाठी आणि शिक्षक तयार करण्यासाठी दिल्लीत २०१५ साली केंद्र सरकारची स्वतंत्र संस्था सुरू झाली आणि तिने दहा हजार शब्दांचा कोशही केला आहे.

यापुढचे मी तुम्हाला मुद्दाम सांगतो, कारण भाषा कोण घडवते याचे इतके जवळून पाहिलेले दुसरे उदाहरण मला माहीत नाही. मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वा देशात १९७७पर्यंत बधिर मुले आपापल्या घरी, घरापुरत्या खुणा करत वाढत होती. त्या सुमारास राजधानी मनाग्वात त्यांच्यासाठी शाळा निघाली आणि पुढच्या काही वर्षांत शेकडो मुले एकत्र आली. शिक्षक त्यांना ओठ वाचायला आणि स्पॅनिश बोलायला शिकवत होते, आणि त्यात फारसे यश येत नव्हते. पण मधल्या सुट्टीत आणि बसमध्ये मुले एकमेकांशी खुणांनी बोलत होती. १९८६ साली ज्यूडी केगल या भाषावैज्ञानिक बाईंना तेथे बोलावले गेले, तोवर त्या खुणांची एक नवी भाषा होत आलेली होती. पुढे संशोधकांनी एक बारीक गोष्ट टिपली. एखादी वस्तू घरंगळत उतारावरून खाली गेली हे सांगताना पहिल्या तुकडीतली मुले, आणि ऐकू येणारी माणसेही, हात गोल फिरवत फिरवत खाली नेत. एकाच हालचालीत सगळे चित्र. नंतर आलेल्या लहान मुलांनी मात्र त्याचे दोन तुकडे केले: आधी 'घरंगळणे' ही खूण, मग 'खाली' ही खूण. असे तुकडे झाले की ते सुटे वापरता येतात; घरंगळत वर, उड्या मारत खाली, हवे ते सांगता येते. हे त्यांना कोणी शिकवले नव्हते, आणि शिकवू शकेल असे मोठे माणूसही तेथे कोणी नव्हते. ती मुले तेव्हा तुमच्या भावाहून लहान असतील, मधल्या सुट्टीत उभी राहून एकमेकांना कालची गोष्ट सांगत होती.